भस्म्या

मामांनी पेटीतली चादर ओढली आणि त्यांचं बोट आरपार गेलं. खालची चादरही तशीच, कडेला हिरवट भुकटी. हा रंग ते रोज बघत होते.

प्रयोगशाळेत त्यांचं काम काचेच्या बशा धुण्याचं. मॅडम बुरशी अतिनील दिव्याखाली धरायच्या. बहुतेक मरायची. जी तगेल तिच्यात बदल झालाय का, ती सुती कापड विरघळवणारं एन्झाइम जास्त बनवते का, ते तपासायच्या. दोन वर्षांपूर्वी एका बशीत अगदी काठाला एकच ठिपका वाचला. त्याने मूळ बुरशीच्या पाचपट एन्झाइम दिलं. त्याचं नाव पडलं भस्म्या. कापड गिरण्या मागे लागल्या, मॅडमचं नाव झालं.

नियम साधा होता: अंगावरचा कोट इमारतीबाहेर न्यायचा नाही. पण इथल्या साबणाने डाग हलतसुद्धा नाहीत, असं मामांचं ठाम मत. वर्षानुवर्षं ते दर शनिवारी कोट घरी धुवायचे आणि घडी करून त्याच पेटीत ठेवायचे. आता निवृत्तीला अकरा महिने उरले होते.

तिसऱ्या दिवशी चादरीचा तुकडा डबीत घालून ते मॅडमसमोर उभे राहिले.

"कोट घरी नेत होतो. भस्म्या घरात शिरलाय. नोकरी जाईल ना माझी?"

"आधी ही बुरशी बशीत वाढवून बघू द्या," मॅडम म्हणाल्या. त्यांचा सूर काही बरा नव्हता.

पुढचे पाच दिवस मामा जीव मुठीत धरून बशा धूत होते. दोन फुटल्या.

सहाव्या दिवशी मॅडमनी बोलावलं. "भस्म्याच आहे. तसूभर फरक नाही. आणखी कुठे पसरलाय ते कळायला हवं. मामींना फोन लावा."

मामांनी फोन लावून मॅडमकडे दिला. मामींचा खणखणीत आवाज त्यांना पलीकडे उभं राहूनही ऐकू येत होता.

"त्या पेटीतल्या चादरी? त्यांची आज कुठे आठवण झाली? पेटी माझ्या आईकडून आली तेव्हापासून त्या अशाच हिरव्या पडून विरतायत. नऊ वर्षं झाली. सतरा वेळा सांगितलं ह्यांना, ऐकतील तर शपथ."

मामांनी मान खाली घातली.

मॅडमनी फोन ठेवला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्या उठल्या आणि त्यांनी दाराला आतून कडी घातली.

"मामा, तो इथून तुमच्याकडे गेलेला नाही, तुमच्या कोटावरून इथे आलाय," त्या कुजबुजल्या. "कुणाला सांगू नका. पाया पडते तुमच्या."