गाळलेली ओळ

सिन्नरच्या रंगूबाईंच्या पत्राला नाशिकच्या त्र्यंबकरावांनी कधीच उत्तर दिलं नव्हतं. "भाऊ, पेपरातलं तुमचं माक्याचं तेल लावलं. केस लय वाढले, पण आता झोपेत गळा आवळत्यात. काय करू?"

गळलेले केस त्यांवर थुंकूनच टाकावेत, ही आजीच्या कृतीतली शेवटची ओळ त्यांनी पेपरात देताना लाजून गाळली होती.

"जगाला तेल सांगता, बायकोला नाही!" म्हणत साधनाबाईंनीही तेच लावलं. आज भरदुपारी त्या किंचाळल्या, "अहो, कात्री!" वेणी त्यांचा गळा आवळत होती. त्र्यंबकरावांनी ती कापली. कापल्या टोकातून रक्ताची चिळकांडी भिंतीवर उडाली.

साधनाबाईंचा श्वास परतताच त्र्यंबकरावांनी गाळलेली ओळ रंगूबाईंना कार्डावर लिहिली आणि कार्ड कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकलं. फटीतून तेलकट वेणी सरसरत आली आणि तिनं त्यांचं मनगट करकचून धरलं.