दोन टाक्यांची गाडी

"आवो, बाराचा पाना म्हनले का चौदाचा?" कावेरीबाईनं गाडीखाली वाकून विचारलं.

"बाराचा. आन जरा लौकर दे, हात भरून आला माझा."

ग्यानोबा पिकअपखाली उताणा पडला होता. पुढची टाकी सोडवून त्यानं विटांवर टेकवली होती. तिच्यातला पंप आठवड्यापूर्वी मेला, तो बदलायचा होता. नवा पंप लेकानं, राजशेखरनं, लातूरहून पाठवला आणि सोबत फोनवर हुकूमही सोडला. जळकोटचा शिवमूर्ती आज गाडी बघायला येईल, चालू करून दाखवा, देऊन टाका आणि दोघं लातूरला या. झाली तेवढी फिरस्ती पुरे आता!

"पोरगं काय वाईट सांगून राहिलंय का?" कावेरीबाई पाना देत म्हणाली. "माझे गुडघे गेले, तुमची कंबर गेली. नातवंडांत बसू आता."

ती महिनाभर हेच म्हणत होती. ग्यानोबानं पाना नटाला लावला. बायकोचं मन उडालं तिथं एकट्यानं काय बोलायचं?

ही गाडी म्हणजे दोघांचा जन्म होता. बैलांचा साज विकायचे ते. कासरे, म्होरक्या, गोंडे, घुंगरमाळा. लोह्याचा बाजार, शिरूर अनंतपाळचा बाजार, गावोगावच्या जत्रा. आडवाटेला डिझेल मिळायची मारामार, म्हणून ग्यानोबानं नांदेडच्या मिस्त्रीकडून मागं दुसरी टाकी बसवून घेतली होती, तिचा पंप वेगळा. टाकी बदलायचं बटण बसलं कावेरीबाईच्या बाजूला. मग ते काम तिचंच झालं. पुढची टाकी संपत आली की इंजिन आचके द्यायचं, आणि ग्यानोबानं तोंड उघडायच्या आत तिनं बटण दाबलेलं असायचं.

काय दिवस होते! पोळ्याच्या आधी गाडीभोवती अशी गर्दी व्हायची की भाकर खायला उसंत नसायची. एखादा शेतकरी आपल्या बैलाच्या गळ्याचं माप सुतळीवर घेऊन यायचा आणि माळ हातात घेऊन तासभर नुसती वाजवून बघायचा. कावेरीबाई म्हणायची, "बैलासाठी घेऊन राहिले का नवरीसाठी?" सगळा बाजार हसायचा. आता बैल कमी झाले, तरी पोळ्याला लोक अजून ग्यानोबाची गाडी शोधत यायचे. ती गाडी आज जाणार!

"च्या टाकते," म्हणत कावेरीबाई आत गेली.

ग्यानोबानं जुना पंप बाहेर काढला. एका हातात जुना, एका हातात नवा. बघत राहिला. गाडी चालूच झाली नाही तर शिवमूर्ती कशाला घेईल? एवढा पोळा निघाला की पुढचं पुढं. त्यानं घराकडं एकदा चोरासारखं पाहिलं आणि मेलेला पंपच पुन्हा टाकीत बसवला. नवा गेला घुंगरांच्या पोत्यात. मागच्या टाकीचं शिवमूर्तीला कुठं ठाऊक असणार? आपण तिचं नावच काढायचं नाही, बस्स!

टाकी परत वर चढवून, हात पुसून तो चहाला बसला. बायकोला फसवल्याचं वाईट वाटत होतं. चहा गोड लागला नाही.

दुपारी शिवमूर्ती आला. टायर बघितले, खाली वाकून स्प्रिंगचे पाटे बघितले, बॉडीला थापा मारल्या, मग स्टेअरिंगवर बसून चावी फिरवली. इंजिन खोकलं, जरा थरथरलं आणि बंद पडलं. पुन्हा मारली. नुसतीच घरघर.

"पंप नवा टाकला म्हनले नं मामा?"

"टाकला की," ग्यानोबा जमिनीकडं बघत म्हणाला.

"मग हे काय?" शिवमूर्ती वैतागून खाली उतरायला लागला. ग्यानोबाचा जीव भांड्यात पडला.

"थांबा वं भाऊ!" कावेरीबाई पदर खोचत पुढं आली. "हिला मागं दुसरी टाकी हाय की. तिच्यावर घ्या, पळतीय बगा!"

ती तेवढ्यावर थांबली नाही. दुखरे गुडघे धरत केबिनमध्ये चढली, आपल्या जागेवर बसली आणि बटण दाबलं. "मारा आता."

आजवर हिनं बटण दाबलं ते पुढं जायला. आज गाडी घालवायला दाबलं. एवढी घाई झाली हिला? ग्यानोबाला तिचा राग आला नाही, रडूच आलं. त्यानं मान फिरवली.

शिवमूर्तीनं चावी मारली. खोकला. थरथर. बंद. त्यानं दम खाऊन पुन्हा मारली, पुन्हा मारली.

"राम न्हाई राहिला मामा हिच्यात," तो उतरत म्हणाला. "दोन टाक्या आन दोन्ही बाद! राजशेखरला सांगा, आपल्याला न्हाई जमायचं." मोटरसायकलला किक मारून तो गेला.

धुरळा खाली बसेस्तोवर ग्यानोबा तिथंच उभा राहिला. आनंदानं ओरडावं वाटत होतं, पण डोक्यात गोंधळ उडाला होता. काल संध्याकाळी तर तो मागच्या टाकीवर शेतातून कडबा घेऊन आला होता. एक आचका नाही की काही नाही.

"कावेरी, मागचा पंप तर चांगला हुता गं."

कावेरीबाई हळूच केबिनमधून उतरली.

"चांगलाच हाय. तुमाला मेलाच पंप बसवताना बगितलं, मग तुमी च्या पीत हुता तवा मागच्या पंपाची वायर म्या उपसली," ती म्हणाली. "पुढची तुमी बिघडवली, मागची म्या. आता दोन्ही नीट करा, पोळा तोंडावर आलाय."