मुळांवरचं मीठ

मृणालीनं ऑर्किडची कुंडी कचऱ्याच्या डब्यापाशी ठेवली, तेवढ्यात वॉचमन काळुराम खुर्चीतून उठला.

"ताई, झाड जितं हाय."

"तीन वर्षं झाली, काका. आणलं तेव्हा होती तेवढीच फुलं, नंतर एकही नाही. सासूबाई म्हणतात तेच खरं. माझ्या हाताला गुण नाही."

काळुरामनं कुंडी उचलली. आत माती नव्हती, झाडाच्या सालीचे तुकडे होते. त्यांच्यावर आणि मुळांवर पांढरी पापडी धरली होती. त्यानं ती नखानं खरवडली आणि जिभेला लावली.

"पानी कुठलं घालता?"

"बोअरचं. रोज."

"हात नाय वाईट तुमचा. पानी वाईट हाय. पानी उडून जातं, मीठ मागं ऱ्हातं. धरमतरला मिठागरात जलम गेला माझा, आमी दुसरं काय केलं? हितं ते मुळांना जाळतंय."

पार्किंगच्या भिंतीवर एसीचा पाइप ठिबकत होता. काळुराम तिथं गेला, बोटावर थेंब घेऊन चाखला.

"हे गोडं हाय. आधी साली धुवून काढा, कुजलेली मुळं कापा. मग हेच घाला. आणि मुळं सुकल्याबिगर परत नाय."

मृणालीनं मे महिनाभर पाइपाखाली बादली ठेवली. पावसाळ्यात गच्चीवर पिंप भरून घेतलं. दिवाळीत एक नवं पान आलं. पौषात रात्री गार झाल्या, पेणमध्ये लोकांनी कपाटातले स्वेटर बाहेर काढले, आणि एका सकाळी पानाच्या बगलेतून फुलांची दांडी डोकावली. मृणाली तीन जिने धावत उतरली. "काका, दांडी आली!"

माघात सात फुलं उघडली. पांढरी, मध्ये जांभळा थेंब. सासूबाई शेजारणींना बोलावून दाखवायच्या, "आमच्या सुनेनं फुलवलं." दर वेळी मृणाली म्हणायची, "काळुरामकाकांनी."

एक दिवस शिफ्ट संपल्यावर तिनं त्याला वर नेलं. त्यानं चपला दाराबाहेर काढल्या, हात युनिफॉर्मला पुसले आणि फुलांसमोर जाऊन उभा राहिला. मग मोबाइल काढून घरी व्हिडिओ कॉल लावला.

"चंद्रा, बघ गो."

स्क्रीनवर त्याची बायको चुलीपुढून उठून जवळ आली. "अगो बाय! खरी हायत?"

"खरी."

"वास कसा येतो?"

या फुलांना वास नसतो, हे मृणालीला ठाऊक होतं. ती सांगणार होती. पण काळुराम वाकला होता, डोळे मिटून त्यानं श्वास आत घेतला होता, आणि तो थांबला होता.

"आजून नाय येत," तो फोनमध्ये म्हणाला. "यील. घाई काय हाय?"