पुकारा

झरीच्या जंगलात एक जुना रिवाज होता. बंदुकीचा पहिला बार ऐकू आला, की मोहफुलं वेचणाऱ्या बायांनी "माणसं हायेत!" असा पुकारा करायचा आणि शिकाऱ्यानं मुकाट नळी खाली करायची.

ठेकेदार गुलाबरावांना मात्र जंगलखात्याच्या नाकेदाराचा वैताग आला होता. जरा बार झाला की तो मेला परवाना विचारायला हजर! शेवटी त्यांनी कुठूनसा पिस्तुलाचा सायलेन्सर पैदा केला आणि मिस्त्रीकडून आपल्या बारक्या रायफलीला बसवून घेतला. आता गोळी सुटली तरी शेजारच्या झाडावरचं पाखरू उडेना.

त्या सकाळी पहिल्या गोळीला ससा निसटला. दुसरी झुडपात शिरली आणि तिथून बाईची किंकाळी आली. तांड्यातली मोतीबाई दंड दाबून बसली होती. बोटांमधून रक्त गळत होतं, मोहफुलांची टोपली उपडी पडली होती.

गुलाबरावांचं टाळकंच सरकलं. "मराले बसली होती का वं? पहिल्या बारालेच काहून नाही बोंबलली? तोंड शिवलं होतं का तुह्यं?"

मोतीबाईनं रक्ताळला हात त्यांच्या रायफलीकडे रोखला.



"कवा झालता रे मुडद्या, पहिला बार?"