जागेश्वर घाटावर उतरला

जागेश्वर तुमसरहून सायकल मारत तलावाच्या बांधावर, पाळीवर, परत आला तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती. मंडपातल्या खुर्च्या उचलून लोक रात्रीच्या नाटकाकडे नेत होते. पहिला आलेला गोपीचंद, शर्यत भरवणाऱ्या केशवरावांचा भाचा, गळ्यातला हार न काढता पान चघळत उभा होता. झेंडेवाला डोमा झेंडा गुंडाळत होता.

"बस कर गा," डोमा म्हणाला. "आता कोणासाठी धावतं?"

जागेश्वरनं सायकल डोमाजवळ थांबवली. पॅडलला बांधलेला दुपट्टा सोडवून त्यानं डावा पाय दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवला. गुडघ्याखाली केळीच्या खांबाएवढा. हत्तीपाय. पॅडलवर मावत नव्हता म्हणून बांधला होता. घोट्याची चामडी फाटून दुपट्टा लाल झाला होता.

"झेंडा खोल," तो म्हणाला. "पाळीचे दोन फेरे बाकी हायेत माये."

दिल्लीला एशियाड झालं तेव्हापासून केशवरावांच्या अंगात खेळ शिरला होता. स्वतः धानाच्या गोदामापर्यंतही बैलबंडीशिवाय जात नसत, पण यंदाच्या मंडईला, दिवाळीनंतरच्या जत्रेला, त्यांनी तिहेरी शर्यत काढली. तलाव पोहायचा, सायकलनं तुमसर गाठून परत यायचं, मग पाळीवर धावायचं. जागेश्वरनं नाव दिलं तेव्हा ते भोंग्यातच हसले. "पुरी करून दाखव, मंग ये आमच्या घाटावर आंघोळीले." सारी मंडई हसली. आणि सकाळी बाकीचे सगळे पोहून बाहेर निघाल्याशिवाय त्याला पाण्यात उतरू दिलं नाही, आणि तेही घाटापासून लांबच्या काठाला. का, तर त्याचा रोग पाण्यात सुटते म्हणे.

दवाखान्याचा माणूस गावात येऊन सांगून गेला होता, हा रोग मच्छरानं होतो. मोठ्या लोकांनी माना डोलावल्या. मग त्याच सांजेला, मानेवरचे मच्छर चापटीनं मारत मारत, त्यांनी ठरवलं की पाण्यानं होतो. तेव्हापासून जागेश्वरला घाट बंद. म्हशींच्या डबक्यात आंघोळ, गुडघाभर चिखलात. तिथं पाय आणखीच जड व्हायचा. खोल पाण्यात तेवढा तो पायासारखा वागायचा, वजन नसलेला. जागेश्वरला तेवढंच हवं होतं. हार घालून पान खायची त्याला हौस नव्हती.

तो निघाला. धावणं म्हणायचं इतकंच. उजवा पाय पळत होता आणि डावा मागून फरफटत येत होता. मागच्या आठवड्यातला थंडीताप अजून हाडांतून गेला नव्हता.

"हत्ती निघाला गा, बाजूले व्हा!" गोपीचंद ओरडला.

"तू हार सांभाळ," जागेश्वर न वळता म्हणाला. "सुकून राहिला."

पहिल्या फेऱ्यात लोक हसायला थांबले. दुसऱ्या फेऱ्यात तो वळणावर तोंडघशी पडला, तेव्हा पोट धरून हसले. तो उठायला लागला तशी त्यांना अचानक घरची कामं आठवली. ज्याच्यावर हसायचं तो माणूस उठला की यांची मजा जाते, हे जागेश्वरला माहीत होतं. तोंडातली माती थुंकून तो पुढं गेला.

शेवटाला डोमा एकटाच होता. कोणी पाहत नाही ना, हे बघून त्यानं झेंडा चोरट्यासारखा जरासा हलवला.

"झाली," तो पुटपुटला.

"मोठ्यानं म्हण."

"झाली ना बाप्पा!"

"घाटावर आयकू गेलं पायजे."

डोमानं इकडंतिकडं पाहिलं आणि बोंबलला, "पुरी झाली गा जागेश्वरची!"

घाटावर गावची मोठी माणसं नाटकाला बसायच्या आधीची आंघोळ करत होती. लंगडत येणारा जागेश्वर दिसला तसे त्यांनी आपापले लोटे जवळ ओढले. गोपीचंद धावत आडवा आला.

"मामानं ते हसण्यावारी म्हणलं होतं बे! मंडईची कमिटी बसंल, मंग पाहू."

"बसू दे. मी आंघोळ करतो तंवर."

त्यानं सदरा काढून दगडावर ठेवला आणि पायऱ्या उतरला. पाणी घोट्याच्या जखमेला झोंबलं. तो थांबला नाही. एकेक मोठा माणूस लोटा उचलून, ओलं धोतर आवरत, घाईघाईनं वर सटकला. कोणी कोणाला हाक दिली नाही. जो तो आपला जीव घेऊन.

पाण्यात केशवराव तेवढे उरले. डोक्यापासून छातीपर्यंत साबण, डोळे घट्ट मिटलेले.

"कोण उतरलं गा?" त्यांनी विचारलं.

केशवरावांनी तोंड धुवायला ओंजळ भरली.

"मी जी, जागेश्वर. पुरी करून आलो."

भरलेली ओंजळ तोंडाजवळच थांबली. मग केशवरावांनी बोटं सैल केली. पाणी खाली गळून गेलं.

"अगा, कोणी हाये का?" डोळे मिटूनच ते घाटाकडे वळले. साबण पापण्यांतून आत उतरत होता. "अगा गोपीचंद! पाणी आण ना विहिरीचं! डोळे जळून राहिले!"

गोपीचंद वरच्या पायरीवर उभा होता. खाली यायला त्याचा पाय उचलेना.

जागेश्वर तोवर खोलात गेला होता. त्यानं अंग उताणं सोडून दिलं. डावा पाय आपला आपण वर आला.

"पाणी तं हाये ना जी," तो तिथूनच म्हणाला. "तुमच्या कमरंइतकं."