मलावीसाठी सहाशे चाळीस पंप

सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५. सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे. हुबळीच्या गोकुळ रस्त्यावर, खानापुरे पंप्सच्या आवारात सहाशे चाळीस हातपंप रांगेने मांडलेले होते आणि तपासनीस प्रभंजन नरगुंदकर फाटकातून आत येत होते.

"बर्री, बर्री साहेब, या!" फोरमन विठ्ठल लगबगीने पुढे आला. "चुरमुऱ्यांचं गिरमिट मागवलंय. आधी दोन घास खाऊन घ्या."

"तपासणीच्या दिवशी मी कारखान्याचं पाणीसुद्धा घेत नाही."

"पाणी नाही तर नाही, पण आमचे पंप तर पाणीच देतात," विठ्ठल हसला. दुसरे कोणी हसले नाही.

मालक सुधींद्र खानापुरे ऑफिसच्या पायरीवरून हलले नव्हते. एकोणतीस वर्षांनी दोघे या आवारात समोरासमोर येत होते. एके काळी हा कारखाना दोघांच्या भागीदारीचा होता. पंपाचे आरेखन प्रभंजन यांचे, भांडवल सुधींद्र यांचे. आरेखन पूर्ण झाले त्याच महिन्यात सुधींद्र यांनी भागीदारावर चोरीची फिर्याद ठोकली. पोलिसांनी प्रभंजन यांना भर दुपारी दुर्गदबैलच्या बाजारातून बेड्या घालून चालवत नेले. त्यांचे वडील बाळाचार्य तेव्हा तिथेच भाजी निवडत उभे होते. ते घरी परतले, ते पुन्हा उंबऱ्याबाहेर पडले नाहीत; सातव्या महिन्यात वारले. चार वर्षांनी कोर्टाने प्रभंजन यांना निर्दोष सोडले. पण पेठेने एकदा चोर ठरवलेला माणूस कोर्टाच्या निकालाने साव होत नाही.

आजचे पंप आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या कोरड्या गावांसाठी होते. जगातली गरिबी कमी करण्यासाठी केंद्र सरकारने जे नवे विकास-सहकार्य धोरण आखले होते, त्यातली ही पहिली मोठी खेप. प्रभंजन यांनी ते धोरणपत्र तीनदा वाचले होते. पूर्वी परदेशी दिलेली यंत्रे वर्षभरात बंद पडत आणि कोणी विचारीत नसे. नव्या धोरणाने ती पळवाट बुजवली होती: माल मंजूर झाला की पाच वर्षे प्रत्येक पंप चालता ठेवण्याची हमी पुरवठादाराची.

"हमीवर सही कोणाची?" कागद चाळताना प्रभंजन यांनी विचारले.

"अप्पांचीच," सुधींद्र यांचा मुलगा अनिश म्हणाला. "कारखाना आणि राहतं घर, दोन्ही तारण आहे. आज माल अडला तर पगारसुद्धा निघणार नाहीत, सर."

"धोरण शहाणपणाचं आहे. गरिबाला पंप नको असतो, पाणी हवं असतं."

कनिष्ठ तपासनीस दीपश्रीने बत्तीस पंप निवडले. चाळीस वेळा हापसले की पंधरा लिटर पाणी यायला हवे. बत्तीसही पंपांनी त्याहून जास्त दिले. जोड, साखळी, जस्ताचा मुलामा, सारे चोख निघाले. सुधींद्र लांब उभे राहून प्रत्येक आकडा ऐकत होते. रुमाल मानेवरून खाली येत नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत सगळे पांगले. प्रभंजन यांनी जुळणीच्या शेडमध्ये, तपासून ठेवलेल्या पंपांपाशी, एकट्यानेच डबा उघडला. वीस मिनिटांनी सुधींद्र दाराशी आले.

"प्रभ्या."

"नरगुंदकर."

"बरं, नरगुंदकर. तेव्हा जे झालं ते मनात ठेवू नकोस. माझं चुकलं. बाळाचार्यांचं तर..."

"त्यांचं नाव तू घेऊ नकोस." प्रभंजन यांनी डब्याचे झाकण बसवले. "आणि कामाच्या दिवशी मी मनात काही ठेवत नाही. कागदावर ठेवतो."

"म्हणजे माल नाकारणार?"

"तीन वाजता कळेल."

दीपश्री तक्ता घेऊन आली. "सर, आतल्या रबरी वॉशरची कठिणता मोजायची का?"

"कारखान्याचा दाखला जोडलेला आहे. नियमाने तेवढा पुरतो."

तीन वाजता प्रभंजन यांनी सर्वांसमोर अहवाल वाचला. "मंजूर, सहाशे चाळीस. नामंजूर, शून्य."

अनिश वडिलांकडे बघतच राहिला. विठ्ठलने डोक्यावरची टोपी काढून तिनेच डोळे पुसले. सुधींद्र खाली वाकले आणि वयाचा, हुद्द्याचा विचार न करता त्यांनी जुन्या भागीदाराचे पाय धरले.

"ऊठ," प्रभंजन म्हणाले. "चहा सांग. काम संपलं आहे."

त्यांनी चहा घेतला, थंड झालेले गिरमिटही खाल्ले. निघताना विठ्ठल म्हणाला, "साहेब, देवमाणूस हो तुम्ही!" त्यावर त्यांनी नुसता हात वर केला.

गाडी कोप्पीकर रोडच्या गर्दीत अडकली तेव्हा दीपश्रीला राहवले नाही. "सर, राग मानू नका. मला वाटलं होतं, आज तुम्ही एकही पंप सोडणार नाही."

"नाकारायला कारण लागतं. तुझ्या तक्त्यात एखादं होतं का?"

"नाही."

"मग झालं तर."

संध्याकाळी पाच वाजता, घरी, त्यांनी खाजगी वही काढली आणि टोकदार पेन्सिलीने सावकाश लिहिले: 'वॉशरची कठिणता हवी ऐंशी. दुपारी शेडमध्ये पाच पंप खोलून स्वतः मोजली. पाचही ठिकाणी बावन्न. असे रबर आठ महिन्यांत झिजते. नाकारले असते, तर सुधींद्रला वॉशर बदलायला साठ दिवसांची मुदत मिळाली असती.'

पुढच्या मार्चमध्ये हमी न पाळल्याबद्दल खानापुरे पंप्सला आणि मालकाच्या घराला सील लागले. मलावीत तोवर बंद पडलेले पंप सहाशे अकरा. पाण्यावाचून माणसे एक लाख बावन्न हजार.