फोटोचं ताट

मुळशीतल्या उन्हाळी शिबिरात जेवणाआधी श्रीखंड-पुरीचं एकच ताट सगळ्या मुलांपुढून फिरायचं. ज्याच्यापुढे ताट, त्याचा फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकायचा. शिकवण्यासोबत हेही गौतमीचं काम होतं. प्रत्यक्षात पानात पडायची पातळ खिचडी. आज एका मुलाने श्रीखंडात बोट घातलंच. शिबिराच्या मालकांनी त्याला टपली मारली, अंगठ्याने खड्डा सारखा केला, अंगठा चाटला आणि ताट पुढे सरकवलं. “उरका मॅडम, लई पोरं ऱ्हायलीत.” गौतमीला शिसारी आली. पण काम सोडलं, तर सुट्टीभर लेकीला ठेवायचं कुठे? तिने मोबाइल उचलला. आता ताट तिच्याच मुक्तापुढे होतं. मुक्ता हात मागे बांधून, मान कलती करून गोड हसली. “हात मागे का गं?” “आई, खायचं नसतं. नुसतं हसायचं.” गौतमीने फोटोऐवजी व्हिडिओ सुरू केला. “परत सांग बाळा. मोठ्यांदा.”